मिशनच्या जागेवर घर आहे आणि चर्चची नोटीस आली, तर आधी काय करायचं

नोटीस आली त्या दिवशी काहीच करू नका. आमच्याकडं मराठवाड्यात पोस्टमननं एका दुपारी अकरा घरांत अकरा रजिस्टर एडी वाटल्या आणि दिवस मावळायच्या आत अकरा घरांच्या अकरा वाटा झाल्या, कोणी पाळक साहेबांच्या दारात जाऊन बसलं, कोणी आमदाराच्या पीएला फोन लावायलं, एकजण तर त्याच रात्री सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊन मोकळा झाला, आणि माझ्या चुलत भावानं दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन पहिला दिसला त्या वकिलाकडून उत्तर पाठवून दिलं. त्या उत्तराची किंमत आम्ही अजून फेडायलोत, त्याचं पुढं सांगतो.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, नाहीतर ते जेवत नाहीत. "पंधरा दिवसांत जागा खाली करा" हे पंधरा दिवस नोटीस लिहिणाऱ्यानंच ठरवलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला खरा मालक असला तरी जेसीबी आणून काढता येत नाही, कोर्टाच्या वाटेनंच जावं लागतं. उत्तर द्यायचंच आहे, पण चार कागद हातात आल्यावर. पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख लागते.

मी काही वकील नाही. माझा बाप याच चर्चची घंटा वाजवायचा, माय अजून बायकांच्या उपासनेला जाते, आणि मी गल्लीतल्या लोकांच्या कागदांची फाईल सांभाळतो, एवढंच. गेल्या काही वर्षांत तहसील, भूमी अभिलेख, धर्मादाय आणि कोर्ट या चार ठिकाणी चपला झिजवून जे कळलं ते लिहायलोय. तुमच्या केसला तुमचा वकील पाहिजेच.

आजा तिथं आला कसा

सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे, आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात "आम्ही शंभर वर्षांपासून राहतो". बरं, राहता, पण कशानं राहता? मालक म्हणून, कूळ म्हणून, भाड्यानं, नोकर म्हणून, का मडम साहेबांनी राहा म्हणलं म्हणून? कोर्ट वर्षं मोजायच्या आधी हे विचारतं. शंभर वर्षं परवानगीनं राहिलेला माणूस शंभर वर्षांनीही परवानगीवालाच राहतो.

आपल्याकडं मिशनच्या जागांवर लोक येण्याच्या वाटा साधारण ठरलेल्या आहेत. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, मिशननं अनाथ लेकरं सांभाळली, ती तिथंच वाढली, त्यांची लग्नं झाली आणि कंपाउंडच्या कडंला घरं पडली. काही लोक बाप्तिस्मा घेतल्यावर गावानं पाणी तोडलं म्हणून येऊन राहिले. काही मिशनचे माळी, स्वयंपाकी, मास्तर, कंपाउंडर, बायबल वुमन म्हणजे घरोघर बायबल सांगणाऱ्या बायका, त्यांना खोल्या मिळाल्या. काहीजण मिशनची शेती बटईनं करायचे. आणि काहींनी मिशनरी परत जाताना साध्या कागदावर चार पैसे देऊन जागा घेतली, ज्याची रजिस्ट्री कधी झालीच नाही.

नोकर म्हणून आला असाल तर बाजू सगळ्यात कमजोर. २०१२ साली गोव्यातल्या एका घराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं की राखणदार, नोकर, केअरटेकर किती का वर्षं राहिना, त्याला जागेत हक्क तयार होत नाही. कडू आहे पण आधीच माहिती असलेलं बरं, मग ताकद तडजोडीत लावता येते.

शेतात कूळ म्हणून असाल तर उलटं. मराठवाड्याला मुंबईचा नाही, हैदराबादचा १९५० चा कूळ कायदा लागू आहे, हे पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून सल्ला देणाऱ्यांना माहीत नसतं, ते मुंबईच्या कायद्यातलं कलम ३२ ग सांगत बसतात. आपल्याकडं संरक्षित कूळ कलम ३४ मधे येतं आणि मालकी कुळाकडं जाण्याचं कलम ३८-ई. आजा संरक्षित कुळांच्या यादीत असला तर ते नाव सोन्यासारखं जपा. पण धार्मिक, शैक्षणिक ट्रस्टच्या जमिनीला या कायद्यातून बरीच सूट मिळू शकते, त्यासाठी त्यांच्याकडं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा "ट्रस्टला कूळ कायदा लागत नाही हो" असं कोणी तोंडी म्हणलं तर सर्टिफिकेट दाखवा म्हणायचं. आणि कूळ आहे का नाही हे दिवाणी कोर्ट स्वतः ठरवत नाही, तो मुद्दा तहसीलदाराकडं जातो.

मग राहतं ते सगळ्यांचं लाडकं, बारा वर्षांचा कब्जा. चहाच्या टपरीवर प्रत्येकाला हे माहिती असतं. लिमिटेशन कायद्याचं कलम ६५ आहे, १२ वर्षांचं आहे, आणि २०१९ पासून सुप्रीम कोर्टानं असंही मानलंय की कब्जेदार स्वतः दावा घेऊन जाऊ शकतो. पण ते १२ वर्षं मालकाच्या विरोधात, उघड, "ही माझी आहे, तुझी नाही" अशा थाटात असावे लागतात. दर नाताळाला पाळक साहेबांना विचारून पत्रे बदलणारा माणूस हे कसं सिद्ध करणार? शिवाय जागा सरकारी निघाली तर १२ नाही, ३० वर्षं.

आता चुलत भावाचं उत्तर. त्यात वकिलानं लिहून टाकलं, "आमचे अशील हे संस्थेचे भाडेकरू असून भाडे देण्यास तयार आहेत." भाड्याची एक पावती घरात नाही, कधी भाडं दिलंच नाही, पण लिहिलं. वर्षभरानं दुसरा वकील केला, त्यानं दाव्यात लिहिलं की आम्ही १२ वर्षांच्या वर विरोधी कब्जात आहोत. समोरच्या वकिलानं काहीच केलं नाही, फक्त पहिलं उत्तर काढून जज साहेबांसमोर ठेवलं. एकदा तुम्ही कुणाला मालक म्हणून मानलं की भाडेकरू राहून त्याची मालकी नाकारता येत नाही. मनाई हुकूम तिथंच लटकला. म्हणून म्हणतो, पहिल्या कागदावर जे लिहाल ते शेवटपर्यंत मागं लागतं, आणि तो पहिला कागद कोर्टातला असावा लागतो असं नाही, ग्रामपंचायतीला दिलेला अर्जसुद्धा पुरतो.

तेव्हा घरात बसा, सगळ्यात म्हातारी बाई बोलवा, बाप्यांना नाही, बाप्यांना फक्त भांडणं आठवतात. आमच्या मोठ्या आत्याला विचारलं तेव्हा कळलं की घर मिशननं राहायला दिलेलं, पण ओढ्याकडचं शेत आजा बटईनं करायचा आणि अर्धी ज्वारी बंगल्यावर नेऊन टाकायचा. म्हणजे एकाच घराच्या दोन वेगळ्या वाटा. भावाच्या उत्तरात दोन्ही एकाच पोत्यात भरलं होतं.

कागद कुठं कुठं हुडकायचे

सातबारा मोबाईलवर निघतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांना, तो काढाच, पण त्यावर थांबू नका. आजचा सातबारा म्हणजे पिक्चरचा शेवटचा सीन. त्यावर जे फेरफार नंबर गोलात लिहिलेले असतात त्या प्रत्येकाची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढा आणि मागं मागं जा. चर्चचं नाव कोणत्या फेरफारानं लागलं, कशाच्या आधारावर लागलं, खरेदीखत होतं का नुसता अर्ज, हे त्यात लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावरची नोंद खरी धरली जाते, पण उलटं सिद्ध होईपर्यंतच, महसूल संहितेच्या कलम १५७ मधे तसंच म्हणलंय. नोंदीनं मालकी होत नाही आणि जात पण नाही. हे दोन्ही बाजूंना लागू.

मराठवाड्याचा खरा खजिना १९५४-५५ च्या खासरा पत्रकात आहे. त्यात जमीन कुणाच्या नावावर आणि कब्जा कुणाचा हे वेगळं वेगळं दिसतं. त्याच्या मागं निजामाच्या काळातले पहाणी पत्रक (दरसालच्या पीक-कब्जाच्या पाहणीची नोंद), सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंदवही), आणि इनामी जमीन असेल तर मुंतखब (इनामाचा सरकारी हुकूम). आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामात, त्यामुळं बरेच कागद उर्दूत नाहीतर मोडीत, आणि साल फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल. फसली सालात ५९० मिळवा म्हणजे इंग्रजी साल येतं, एखाद्या वर्षाचा फरक पडतो. महिन्याच्या जागी आजूर, दै, बहमन असलं काही दिसलं तर घाबरू नका, ते निजामी महिनेच आहेत. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावे सारा, काबिज म्हणजे प्रत्यक्ष कब्जेवाला, शिकमीदार म्हणजे पट्टेदाराच्या हाताखालचा हिस्सेवाला, परमपोक म्हणजे सरकारी पडीक. हे चार शब्द पाठ करून गेलात तरी क्लार्क तुमच्याशी नीट बोलतो.

आम्हाला जे पहाणी पत्रक मिळालं ते फसली १३५६ चं, सगळं उर्दूत. आमच्या तालुक्यात उर्दू शाळेचे रिटायर हेडमास्तर आहेत, सगळे त्यांना मौलवी सर म्हणतात, त्यांच्याकडं नेलं. सरांनी चष्मा काढला, भिंग घेतलं, आणि बोट सर्व्हे नंबरवरून हळूहळू डावीकडं नेत नेत एका नावावर थांबले. "काबिज म्हणून हा माणूस आहे, पण हे तर तुमच्या आज्याचं नाव नाही." खरंच नव्हतं. आम्ही तोंड पाडून उठायलो तेवढ्यात आत्या म्हणली, थांबा, वाचा पुन्हा. ते आज्याचं बाप्तिस्म्याच्या आधीचं नाव होतं. गावात धोंडिबा आणि चर्चमध्ये दानियल, अशी आपल्याकडं घरटी दोन दोन नावं. पटवाऱ्यानं गावातलं नाव लिहिलं, आम्ही बायबलातलं हुडकत होतो.

इथं एक महत्त्वाची गोष्ट, आणि ही मला कुठल्याच वकिलानं सांगितली नाही. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करणारा कागद बहुतेक वेळा एकच असतो, चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर. आणि ते असतं कुणाकडं? ज्यांनी नोटीस पाठवली त्यांच्याकडं. म्हणून संबंध नासायच्या आधी, नीट गोडीत जाऊन, आजा-पणजाच्या बाप्तिस्म्याचा, लग्नाचा, दफनाचा उतारा सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. लग्नासाठी पाहिजे, पोराच्या ॲडमिशनला पाहिजे, जे खरं कारण असेल ते सांगा, खोटं बोलू नका, पण उशीर करू नका. उताऱ्यात राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असतं कधी कधी, "मिशन कंपाउंड" असं असेल तर ते तुमच्या बाजूनंही आहे आणि विरोधातही, वकिलाला दाखवून मगच वापरा.

बाकी ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीच्या पावत्या, जुनी लाईट बिलं, मतदार यादी, शाळेची टीसी, रेशन कार्ड. नमुना ८ म्हणजे मालकी असं आपल्याकडं लोक छातीठोक सांगतात, नाहीये, ते कर आकारणीचं रजिस्टर आहे, कब्जाचा पुरावा म्हणून चांगलं. घर गावठाणात असेल आणि ड्रोनचा सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक बघा कुणाच्या नावे निघालंय. तहसील, ग्रामपंचायत नक्कल देत नसेल तर माहितीचा अधिकार, १० रुपये, ३० दिवस.

आणि एक विनंती. आज्याच्या ट्रंकेतला कागद लॅमिनेशन करू नका. ३० वर्षांच्या वरचा कागद जिथं असायला पाहिजे तिथून निघाला तर कोर्ट तो खरा धरू शकतं, त्याचा जुनेपणा डोळ्यांना दिसू द्या. आमच्याकडच्या एका पावतीवर एक आण्याचं तिकीट आहे, त्यावर मिशनरी साहेबाची निळ्या शाईची तिरकी सही, कागद घडीवर फाटलेला. एकजण ती फेव्हिकॉलनं चिकटवायला निघाला होता, आत्यानं हातावर मारलं.

समोरचं चर्च नेमकं कोण आहे

हे ऐकायला विचित्र वाटतं, रोज ज्या चर्चला जातो ते कोण हे काय विचारायचं. विचारायचं. मिशनची जमीन एका मिशनच्या नावे, देवळाची (आम्ही चर्चच्या इमारतीला देऊळच म्हणतो) इमारत दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात आणि नोटीस तिसऱ्याच ट्रस्टची, असं असू शकतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला झालं, त्यात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन असे वेगवेगळे पंथ एकत्र आले. लोकांना वाटतं की पंथ एकत्र आले म्हणजे जमिनी पण आपोआप गेल्या. तसं नसतं. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या केसमध्ये २०१३ साली सुप्रीम कोर्टानं म्हणलं की नुसत्या ठरावानं ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याकडं जात नाही, ट्रस्ट कायद्यातली प्रक्रिया पाळावी लागते.

शिवाय मिशनकडं जमीन आली कशी हेही खरेदीखतच असेल असं धरू नका. जालन्याजवळचं बेथेल, जे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं, त्याची जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेली होती. म्हणजे सरकारनं दिलेली जमीन, कौल (ठरलेल्या शर्तींवर कसायला दिलेली), इनाम, छावणीची जागा, काहीही असू शकतं, आणि प्रत्येकाच्या शर्ती वेगळ्या. जालना, औरंगाबाद, हिंगोली, अंबाजोगाई इथं फौजेच्या छावण्या होत्या, तिथल्या देवळांच्या आसपासची जागा तर आधी कुणाची हेच बघावं लागतं. पण सावध, "चर्चची नाही" हे सिद्ध केलं म्हणजे "आमची" होत नाही. गायरान किंवा सरकारी निघाली तर चर्चऐवजी तहसीलदार दारात येतो, आगीतून फुफाट्यात. हा मुद्दा काढायच्या आधी रात्रभर विचार करा.

धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जा, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथं ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा मिळतो, लोक त्याला परिशिष्ट एक म्हणतात. त्यात दोन गोष्टी बघा. एक, तुमचा सर्व्हे नंबर ट्रस्टच्या मालमत्तेत लिहिलाय का. दोन, नोटिशीवर ज्यांचं नाव आहे ते विश्वस्त म्हणून नोंदलेत का, कारण विश्वस्त बदलले की ९० दिवसांत महाराष्ट्राच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ चा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची खबर, द्यावी लागते आणि ती अनेक ठिकाणी भांडणात अडकून पडलेली असते. यानं तुमचा हक्क तयार होत नाही, पण समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं.

आता त्याच कायद्याचं कलम ३६. हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. सार्वजनिक ट्रस्टची जागा विकायला, बदलायला, बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा १० वर्षांच्या वर, किंवा बिगरशेती जागेचा आणि घराचा ३ वर्षांच्या वर असेल तरी लागते. बिल्डर इसार पावती दाखवून "मी घेतलीय, सामान उचला" म्हणायला लागला तर पहिला प्रश्न, मंजुरीचा हुकूम कुठाय. अर्ज चालू असेल तर तिथं जाऊन हरकत घ्या, की इथं इतकी कुटुंबं राहतात आणि हे अर्जात लपवलंय.

पण हेच कलम तुम्हालाही चावतं. आमच्या शेजारच्या वस्तीत एका पाळक साहेबांनी, माणूस अगदी देवमाणूस, बदली होऊन जाताना सात घरांना लेटरहेडवर लिहून दिलं की ही जागा या कुटुंबाला कायमची दिली आहे. लोकांनी फ्रेम करून लावलं. त्या कागदाला मंजुरी नाही, रजिस्ट्री नाही, आणि पाळकाला ट्रस्टची जमीन द्यायचा अधिकार नाही. उलट त्यातून एवढंच सिद्ध झालं की ते परवानगीनं राहत होते.

एजंट आणि फेरफार

ज्यानं रात्री पैसे दिले होते त्याचं नाव लागलं बरं का सातबाऱ्यावर, इतर हक्कात. दोन महिने मिशा पिळत फिरला. मग चर्चनं उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील केलं, ६० दिवसांच्या आत, आणि नोंद रद्द. पैसे गेले ते गेले, वर कोर्टात आता त्याला लबाड म्हणून दाखवतात. उलट बाजूनं असंच तुमच्याबाबत होऊ शकतं, म्हणून फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या, "आपली चावडी" या सरकारी वेबसाईटवर अधूनमधून तुमच्या गावाची नोंद बघत राहा. हरकत आली की ती नोंद वादग्रस्त म्हणून मंडळ अधिकाऱ्याकडं जाते, तिथं हजर राहा, तारीख चुकवू नका.

घर पाडायला आले तर

फोटो, व्हिडिओ, पोलिसांना ११२ वर फोन, आणि ताबडतोब दिवाणी कोर्टात मनाई हुकमाचा अर्ज. कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढलंच तर सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मिळण्याचा दावा करता येतो, त्यात मालकी कुणाची हे बघत नाहीत, नुसतं कब्जात कोण होतं तेवढं. सहा महिने गेले की ती वाट बंद. आणि समोरचे तुमच्या माघारी हुकूम घेऊन येतील अशी शंका असेल तर कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टातला अर्ज, टाकून ठेवा, ते ९० दिवस चालतं, मग परत टाकायचं. आमच्यात कॅव्हेट टाकलं म्हणजे केस जिंकली असं समजून एकानं पेढे वाटले होते.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. बाईच्या नावानं अर्ज केला तर उत्पन्नाची अट नाही. आमच्या गल्लीत अकरा घरांपैकी सहा घरांचे अर्ज म्हणूनच बायकांच्या नावे आहेत, आणि खरं सांगू का, तारखेला पण त्याच वेळेवर येतात.

तडजोड

रविवारी एकाच बाकावर बसायचंय, हे विसरून चालत नाही. मला विचाराल तर देवळाची इमारत आणि दफनभूमी पहिल्याच बैठकीत वादातून बाहेर काढा, लेखी द्या की यावर आमचा काही दावा नाही. आमचीच माणसं तिथं पुरलेली आहेत. यानं अर्धा राग उतरतो. बाहेरचे चार झेंडेवाले येतात, "चर्चनं तुमची जमीन हडपली" म्हणायला लागतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावा, त्यांना ना तुमची फिकीर ना चर्चची. आमच्याकडं पण आले होते, माझ्या मायनं विचारलं, "कामून आलात लेकरा, आमच्या घरचं भांडण हाय."

मग मोजणी. दोघांनी मिळून भूमी अभिलेखला अर्ज करायचा, पैसे अर्धे-अर्धे. आमची अजून व्हायचीय, पण गावठाणाचा नकाशा आणि सर्व्हे नंबरचा नकाशा एकावर एक ठेवून बघितलं तर अकरातली चार घरं ट्रस्टच्या नंबरच्या बाहेरच पडायची चिन्हं आहेत. तसं निघालं तर त्या चार घरांचं चर्चशी भांडण उरतच नाही, इतकी वर्षं उगंच एकमेकांचं तोंड बघितलं नाही. बाकीच्या सात घरांसाठी लांब मुदतीचा भाडेपट्टा, कलम ३६ ची मंजुरी घेऊन आणि रजिस्ट्री करून, असं बोलणं चाललंय. लोकअदालतीत तडजोड झाली तरी ती मंजुरी सुटत नाही, हे दोन्हीकडच्या वकिलांना आधीच सांगून ठेवा. ओढ्याकडच्या शेताचं मात्र आम्ही वेगळं ठेवलं, ते कुळाच्या वाटेनं तहसीलला गेलंय, खासरा आणि बाप्तिस्म्याचा उतारा जोडून.

मोजणीच्या दिवशी ओरिजिनल कागद घेऊन जाऊ नका. तीन झेरॉक्स काढा, एक मोजणीदाराला, एक वकिलाला, एक खिशात. शेजारच्या वस्तीच्या मोजणीत एकानं आज्याची पावती पिशवीतून काढली, वारं सुटलं, आणि पावती उडून मोसंबीच्या बागेत गेली. पाळक साहेब, तलाठी, दोन्हीकडचे लोक, सगळे वाकून वाकून तासभर झाडाखाली हुडकायलेत. सापडली, पाळक साहेबांनाच. त्यांनी आधी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि मग परत दिली.